भेटीची वेळ दारावर लावा

पत्र (थोडक्यात):

"मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या इतिहास विभागात मी नऊ वर्षं सहायक प्राध्यापक आहे. शिकवायला मनापासून आवडतं. पण गेली दोन वर्षं रात्री बारापर्यंत मुलांचे मेसेज चालू असतात आणि उत्तर दिल्याशिवाय मलाच झोप लागत नाही. एम.ए. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी वसतिगृहात राहते. वडील नाहीत, घरची परिस्थिती बेताची. तिची परीक्षा फी आणि मेसचे मिळून साडेआठ हजार मी भरले. आता ती रोज रात्री फोन करते, नाही उचलला तर रडते. वर्गात तिला 'मॅडमची लाडकी' म्हणतात, आणि इंटर्नलचे मार्क मीच देणार आहे. दुसरीकडे माझा पीएच.डी.चा एक विद्यार्थी, उत्तर पेशवाईतल्या परगण्यांच्या महसुलावर काम करणारा, पाच महिने तोंड दाखवत नाही. विभागातल्या समित्या माझ्याच गळ्यात. परवा माझा दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, 'आई, मी पण तुला मेसेजच करू का?' माझं काय चुकतंय?"

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. नऊ वर्षांनंतरही त्यात मुलांविषयी एक कडू शब्द नाही. ते फार मोलाचं आहे आणि ते टिकावं म्हणूनच पुढचं सगळं लिहितोय.

तुमची माया कमी करायला आम्ही सांगणार नाही. पण तिला वेळापत्रक नाही, त्यामुळे जो हाका मारतो त्याच्याच वाट्याला ती जातेय. रोज फोन करणाऱ्या मुलीला तुमच्या रात्री मिळतात आणि ज्याच्या नोंदणीवर मार्गदर्शक म्हणून तुमची सही आहे तो संशोधक गप्प बसल्यामुळे राहून गेलाय. मागच्या बाकांवर कधीही मेसेज न करणारी आणखी दहा-बारा मुलं असतील, त्यांचा तर पत्रात उल्लेखही नाही. आणि घरातला मुलगा रांगेत उभा आहे. शिक्षकाचा वेळ सगळ्यांत वाटायचा असतो, आणि वाटायचा म्हणजे आधी मोजावा लागतो.

तर आधी मोजू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या विनियमांप्रमाणे पूर्णवेळ शिक्षकाचा आठवडा ४० तासांचा, वर्षातले ३० आठवडे, म्हणजे अध्यापनाचे १८० दिवस. त्यात प्रत्यक्ष शिकवणं सहायक प्राध्यापकाला १६ तास, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांना १४ तास. तुमच्या हातात उरले २४ तास. तयारी, तपासणी, स्वतःचं वाचन, गाईडशिप, समित्या आणि मुलांच्या भेटी हे सगळं त्यात बसवायचं. आता साठ मुलांचा वर्ग धरा. प्रत्येकी दोन असाइनमेंट, एकेकीला बारा मिनिटं. झाले बरोबर २४ तास, म्हणजे शिकवण्याबाहेरचा अख्खा आठवडा फक्त तपासणीत गेला. नवा विषय शिकवायचा असेल तर एका तासामागे दोन ते तीन तासांची तयारी लागतेच. हे आकडे सेमिस्टरच्या सुरुवातीला कागदावर मांडले नाहीत की ते शेवटच्या तीन आठवड्यांत एकदम अंगावर येतात आणि आपण कुठे कमी पडलो असं उगाच वाटत राहतं.

आता मेसेज. एक साधी वही घ्या आणि सात दिवस आलेल्या प्रत्येक मेसेजची नोंद करा: कुणाचा, कशासाठी, किती मिनिटं गेली. बहुतेक विभागांत हेच पाच प्रकार निघतात. "मॅडम, उद्या लेक्चर आहे का?" हा पहिला. सबमिशनची तारीख आणि पानांची संख्या हा दुसरा. बोनाफाईड, शिष्यवृत्तीचा अर्ज, कुठलीतरी सही हा तिसरा. खरा अभ्यासातला प्रश्न चौथा आणि मनातलं दुःख पाचवं. पहिले तीन म्हणजे वेळेवर न लागलेल्या नोटिसा आहेत. त्यांची उत्तरं रात्री अकराला एकेकाला देणं म्हणजे एकच नोटीस साठ वेळा हातानं लिहिणं. तुमचा वेळ खरा लागतो तो चौथ्या-पाचव्या प्रकाराला, आणि तिथे पोचेपर्यंत तुम्ही थकलेल्या असता.

म्हणून प्रत्येक पेपरचं एक पानी माहितीपत्रक करा आणि सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात कागदावर वाटा. सबमिशनच्या तारखा, किती पानं, हातानं लिहायचं की टाइप करायचं, संदर्भ कसे द्यायचे, नोट्स कुठे ठेवल्यात, उशीर झाला तर दिवसाला किती मार्क जाणार (वीसपैकी रोज एक पुरेसा) आणि तुम्ही कधी भेटता. मग वर्गाचा ग्रुप फक्त अ‍ॅडमिनलाच मेसेज टाकता येतील असा करून घ्या. दोन वर्गप्रतिनिधी (सीआर) नेमा, एक मुलगी आणि एक मुलगा. त्यांनी संध्याकाळी पाचपर्यंत प्रश्न गोळा करायचे, तुम्ही साडेपाचला सगळ्यांना एकदम उत्तर द्यायचं. उत्तर लेखीच द्या. आवाजी निरोप नंतर शोधता येत नाही, आणि चार दिवसांनी तोच प्रश्न परत येतो.

मुलांसाठी वेगळं सिम आणि वेगळा फोन घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस अ‍ॅपमध्ये ठरलेल्या वेळेबाहेर आपोआप जाणारा निरोप लावता येतो. तो रुक्ष नको. इतकंच लिहा: "तुमचा निरोप मिळाला. मी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात उत्तर देते. तातडीचं असेल तर सीआरला किंवा रेक्टर मॅडमना फोन करा." तुमचा घरचा नंबर या तिघांकडेच ठेवा. तातडीचं म्हणजे काय तेही वर्गात बोलून ठरवा: दवाखाना, कुणी सापडत नाही, कुणी त्रास देतंय, जिवाचं काही, परीक्षेच्या दिवशी हॉलतिकिटाचा घोळ. यासाठी मेसेज नाही, थेट फोन, मग रात्रीचे तीन का वाजेनात.

यात फसतं कुठे तेही सांगतो. एक दिवस रात्री सव्वाअकराला तुम्ही कुणालातरी "हो, चालेल" असं उत्तर देता. मुलं एकमेकांना स्क्रीनशॉट दाखवतात आणि नियम तिथेच संपतो. दुसरं फसतं ते वाचण्यात. उत्तर दिलं नाही तरी मेसेज उघडून वाचला की डोकं त्यावर काम करायला लागतं. तुमची झोप बहुधा तिथेच जातेय. म्हणून मुलांसाठीचा तो फोन विभागातल्या टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवून घरी जा. आणि हे सगळं एका रात्रीत सुरू करू नका. वर्गात तोंडी सांगा, कारणासकट सांगा, एक आठवडा आधी सांगा. न सांगता गप्प झालात तर मुलांना वाटतं मॅडम रागावल्या.

भेटीचे तास हे या सगळ्याचं मूळ आहे. आठवड्यातून दोनदा, दीड दीड तास, पंधरा मिनिटांची एक वेळ. एका बैठकीत सहा मुलं होतात, आठवड्याला बारा. दारावर कागद लावा, सहा ओळींचा, शेजारी दोरीला पेन बांधलेलं. मुलं स्वतः नाव लिहितात. वेळ ठरवताना गावाकडून येणाऱ्या मुलांची एसटी किती वाजताची असते ते विचारा. परतीची गाडी पाचची असेल आणि तुम्ही साडेचारला बसत असाल तर ती मुलं कधीच येणार नाहीत. कमवा व शिका योजनेत काम करणाऱ्यांचे तासही बघून घ्या. एक बैठक सकाळी अकराची आणि एक दुपारी तीनची ठेवलीत तर बहुतेक सगळे कुठेतरी बसतात. दार उघडं ठेवा, खुर्च्या दोन ठेवा, फोन पालथा ठेवा. आणि महिन्यातून एकदा हजेरीपट उघडून बघा की दारावरच्या कागदावर कुणाचं नाव एकदाही आलं नाही. त्यातल्या दोन-तीन मुलांना वर्ग सुटताना तुम्हीच म्हणा, "गुरुवारी तीनला ये, तुझा मागचा निबंध वाचलाय." त्या मुलांना आपणहून यायला धीर होत नाही, बोलावलं की ती येतात.

आता त्या मुलीविषयी. इथे घाई करू नका आणि टाळूही नका.

तिला तुमचा आधार खरोखर लागतोय. पण आज तिचा सगळा भार एका खुंटीवर आहे, आणि ती खुंटी तिला इंटर्नलचे मार्कही देणार आहे. हे तिच्यासाठीच अवघड आहे. तिला तुमच्याशी भांडता येत नाही, नाही म्हणता येत नाही, "मॅडम, आज मला बोलायचं नाही" असंही म्हणता येत नाही, कारण पैसे तुमचे आणि मार्क तुमच्या हातात. आधी हा गुंता सोडवा.

पैशांचं असं. एकदा समोर बसवून सांगा: "ते साडेआठ हजार संपले. परत द्यायचे नाहीत, लक्षातही ठेवायचे नाहीत." एवढं स्वच्छ बोललं नाही तर ती रक्कम तुमच्या दोघींच्या प्रत्येक बोलण्यात मधे बसलेली असते. यापुढे कुठल्याही मुलाला खिशातून थेट पैसे देऊ नका. द्यायचेच असतील तर विद्यार्थी विकास विभागामार्फत किंवा विभागाच्या गरजू विद्यार्थी निधीत टाका, म्हणजे कुणी कुणाला दिले हे कळत नाही. आणि त्याआधी महाडीबीटीवरचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, तिचा अर्ज उघडून बघा. भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी स्वाधार. यांपैकी तिला काय लागू आहे, भरलं आहे का, आणि भरलं असेल तर अर्ज कोणाच्या टेबलावर अडकलाय. पैसे मंजूर होऊनही न मिळण्याचं एक नेहमीचं कारण फार साधं असतं. थेट हस्तांतरणाची रक्कम आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, आणि मुलगी जुन्या खात्याच्या पासबुकात शोधत बसते. बँकेत जाऊन एकदा विचारायला सांगा. अर्ध्या तासाचं काम आहे.

फोनविषयी तिच्याशी बोलाल तेव्हा "मी हल्ली जरा बिझी आहे" असं म्हणू नका. बिझी म्हटलं की ती तुम्ही मोकळ्या होण्याची वाट बघत राहते. असं म्हणा: "तुझं ऐकायला मला आवडतं आणि मी ऐकणार आहे. संध्याकाळी सहानंतर मी घरच्यांची असते, तेव्हा फोन घेणार नाही. मंगळवारी साडेतीनची वेळ या सेमिस्टरभर तुझी. वीस मिनिटं. ती मी चुकवणार नाही." मग खरंच चुकवू नका. मीटिंग लागली तर आदल्या दिवशी तिला दुसरी वेळ द्या. पहिले दहा-पंधरा दिवस फोन वाढतील. मग ती रुसेल, कदाचित एखाद्या मंगळवारी येणारच नाही. तुम्ही तरीही त्या वेळी दार उघडं ठेवून बसा. ती रडली म्हणून रात्री तासभर बोललात तर रडल्यावर दार उघडतं एवढंच तिच्या मनावर ठसेल. मंगळवार पक्का राहिला तर महिनाभरात ती त्या वेळेसाठी गोष्टी राखून ठेवायला लागेल, आणि बऱ्याच गोष्टी मंगळवारपर्यंत तिच्या तिनेच सोडवलेल्या असतील.

त्याच वेळी तिच्यासाठी आणखी माणसं जोडा. रेक्टर, एक वर्गमैत्रीण, विद्यापीठातले समुपदेशक, गावाकडची मावशी किंवा आत्या कुणी असेल तर ती. "तू आणखी कुणाकुणाशी बोलतेस?" हा प्रश्न पहिल्याच मंगळवारी विचारा आणि उत्तर लिहून ठेवा.

एक गोष्ट कधीही करू नका: "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन. त्याऐवजी म्हणा, "जमेल तेवढं माझ्यापाशीच राहील, पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला सांगावं लागेल." जेवण-झोप सुटली, आवडत्या वस्तू वाटायला लागली, "मी नसते तर बरं झालं असतं" असं बोलली, तर सरळ विचारा: "मरावंसं वाटतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतं. उत्तर हो असेल तर तिला एकटं सोडू नका, रेक्टरना बोलवा, घरच्यांपैकी ज्यांच्यावर तिचा विश्वास आहे त्यांना कळवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तो तुमच्या माहितीपत्रकावर छापून टाका, म्हणजे कुणा एकीला वेगळा द्यावा लागत नाही.

आणि कुणी लैंगिक छळाची गोष्ट सांगितली, मग तो विद्यार्थ्याकडून असो की सहकाऱ्याकडून, तर तुम्ही स्वतः चौकशी करू नका, समोरच्याला गाठून जाब विचारू नका. अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहायला मदत करणं समितीच्या सदस्यांचं कामच आहे. तुम्ही तिच्यासोबत समितीच्या दारापर्यंत जा, एवढाही आधार फार मोठा असतो.

आता "लाडकी" हा शब्द. तो वर्गातून जाईल तो मार्कांच्या पद्धतीमुळेच, समजावून जाणार नाही. इंटर्नलच्या वीस मार्कांची फोड आधीच वर्गात सांगा: विषयाची मांडणी ५, साधनं आणि पुरावे ८, विश्लेषण ५, भाषा व संदर्भ २. उत्तरपत्रिकेवर नाव फक्त मागच्या पानावर, कोपरा दुमडून स्टेपल केलेला. अख्खा पेपर एका दमात तपासू नका. सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. त्यामुळे पहिल्या उत्तराची छाप दुसऱ्यावर पडत नाही. गठ्ठा संपला की पहिले पाच पेपर पुन्हा काढा. सुरुवातीचे पेपर शेवटच्यांपेक्षा जास्त कडक किंवा जास्त सैल तपासले जातात, आणि ते परत बघितल्याशिवाय लक्षातच येत नाही. तिचं अक्षर तुम्ही ओळखणारच. म्हणून तिचा पेपर, तिच्या थोडा वरचा एक आणि थोडा खालचा एक असे तीन पेपर तुमचे मार्क झाकून एखाद्या सहकाऱ्याला तपासायला द्या. दोन मार्कांहून जास्त फरक आला तर तिघांचेही पेपर दोघांनी मिळून पुन्हा बघा. पंधरा दिवसांत पेपर मुलांच्या हातात द्या, शंका विचारायला तीन दिवस द्या आणि मगच मार्क भरा. मार्क कुठून आले हे मुलांना एकदा दिसलं की कुजबुज थांबते. तिलाही आपले मार्क आपलेच आहेत हे कळणं गरजेचं आहे.

तुमच्या संशोधकाकडे वळू, कारण आम्हाला सगळ्यांत जास्त काळजी त्याची वाटते. पाच महिने गप्प बसणारा संशोधक क्वचितच आळशी असतो. दाखवायला काही नाही म्हणून तो पहिल्या महिन्यात आला नाही. दुसऱ्या महिन्यात जास्त काही दाखवायला हवं असं वाटलं. पाचव्या महिन्यात त्याला वाटतंय की अख्खं प्रकरण हातात असल्याशिवाय मॅडमच्या दारात उभंच राहता येणार नाही. तुम्ही "चॅप्टर कुठे आहे?" विचारलं की तो आणखी मागे सरकतो.

त्याचा विषय उत्तर पेशवाईतला महसूल, म्हणजे पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून बसणं आलं. तिथे काय होतं ते नीट बघा. वर्गात शिकलेली मोडी ही एकेक अक्षराची असते. रुमालातला ताळेबंद उघडला की आधी रेघ ओढून तिच्याखाली लेखणी न उचलता लिहिलेलं, शब्दांत जागा न सोडलेलं, ऱ्हस्व-दीर्घ न पाळणारं आणि निम्मं संक्षेपात असलेलं अक्षर समोर येतं. दिवसभरात एक पान धड लागत नाही. त्यात तारखा सुहूर सनाच्या, म्हणजे त्या कागदांतल्या जुन्या कालगणनेच्या, अरबी संख्याशब्दांत. "सीत सबैन मया व अलफ" म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार, सन ११७६. इसवी सन काढायला त्यात ६०० मिळवायचे की ५९९ हे महिना बघून ठरतं, कारण ते वर्ष जूनच्या सुरुवातीला, मृगाला बदलतं. जून ते डिसेंबर असेल तर १७७५, जानेवारीनंतर असेल तर १७७६. इथे एकदा चूक झाली की जमाखर्चाचा एक कागद वर्षभर पुढे सरकतो आणि कोष्टक जुळेनासं होतं. हे सगळं येत नाही असं गाईडला सांगण्याची लाज वाटते, विशेषतः प्रवेशाच्या मुलाखतीत "मोडी येते" असं सांगितलं असेल तर. हीच अडचण असेल असं नाही. फेलोशिप लांबली असेल, कुठेतरी तासिका तत्त्वावर शिकवायला लागला असेल, घरी काही झालं असेल. पण विचारताना या सगळ्याला जागा ठेवा.

त्याला फोन नको, लेखी निरोप पाठवा, कारण फोन उचलायला धैर्य लागतं. असा:

"प्रकरण नको. एका कागदाचं लिप्यंतर आण, फक्त एक पान. जे लागत नाही तिथे रिकामी जागा सोड, तीच आपण बघू. बुधवारी अकराला मी विभागात आहे. त्या दिवशी नाही जमलं तर पुढच्या बुधवारी त्याच वेळी."

रिकाम्या जागा सोडून आणायला सांगणं महत्त्वाचं आहे. न येणारी गोष्ट घेऊन यायची परवानगी त्याला त्यातून मिळते. तो आला की पाच महिन्यांचा हिशेब मागू नका. तासभर तो कागद वाचा. मोडीचा वेगच अडत असेल तर जुन्या दफ्तरांत मुरलेल्या जाणकाराकडे महिनाभर बसायला पाठवा आणि तोवर छापील साधनांवर दोन-दोन पानं लिहून घ्या, म्हणजे हात थांबत नाही.

पुढची शिस्त अशी. महिन्यातून एक भेट, पाऊण तासाची, तारीख सेमिस्टरभराची आधीच ठरलेली. भेट झाली त्याच दिवशी त्यानं अर्धं पान लिहून पाठवायचं: काय ठरलं, पुढच्या वेळी काय आणायचं, कधी. ते पान दोघांकडे राहतं आणि "मॅडमनी वेगळंच सांगितलं होतं" हा वाद होत नाही. त्यानं दिलेलं लिखाण तुम्ही पंधरा दिवसांत परत करायचं. हे तुमच्यावरचं बंधन आहे, आणि गाईड बहुतेक इथेच चुकतात. पहिल्या वाचनात शुद्धलेखन सुधारू नका. सगळं पान लाल झालं की त्याला मुद्दा दिसत नाही. मांडणीविषयी तीनच सूचना द्या. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे त्याला सादरीकरण करावं लागतं, त्याच्या पंधरा दिवस आधी तुमच्यापुढे तालीम घ्या. यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं असतात, त्यापुढे पुनर्नोंदणीनं दोन. त्यातले पाच महिने गेलेत, सगळं गेलेलं नाही, हे त्याला आकड्यांत दाखवा. सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार संशोधक घेता येतात. पण चौघांना महिन्याला पाऊण तास आणि पंधरा दिवसांत वाचन एवढं देता येत नसेल तर नवी नोंदणी घेऊ नका. आणि त्याच्याकडून कधी बँकेची कामं, मुलाची शिकवणी, पेपरांचे गठ्ठे आणणं-नेणं असं काही झालं असेल तर ते आजपासून बंद. तो स्वतःहून करतो म्हणाला तरी बंद. त्यालाही नाही म्हणता येत नाही.

समित्यांचं थोडक्यात. विभागप्रमुखांना तोंडी तक्रार करू नका. तुमच्या आठवड्याचा तक्ता, त्यात शिकवण्याचे तास, संशोधक, तपासणी, भेटीचे तास आणि आत्ताच्या समित्या असा एक कागद द्या आणि त्याखाली लिहा: "यांपैकी दोन समित्यांचं काम मी वर्षभर नीट करीन. कोणत्या दोन ठेवाव्यात?" ज्या समितीचं नियुक्तीपत्र नाही तिचं काम घेऊ नका. पदोन्नतीच्या वेळी नुसत्या केलेल्या कामाला पुरावा लागतो. स्वागत, रांगोळी आणि सूत्रसंचालन ही कामं दरवेळी बाईंकडेच येत असतील तर आळीपाळीचा तक्ता बैठकीत मांडा. हा मुद्दा मांडताना संकोच करू नका.

घरी. कालनिर्णय स्वयंपाकघरात असेलच. त्यावर ज्या आठवड्यांत इंटर्नलचे मार्क भरायचे आहेत आणि ज्या आठवड्यांत कॅपला (विद्यापीठाच्या मध्यवर्ती तपासणी केंद्राला) पेपर तपासायला जायचं आहे त्या तारखांना वर्तुळ करा, मुलाच्याच हातानं. वर्तुळाच्या आठवड्यात आई उशिरा येणार, हे त्याला आधी कळलं तर तो ते सहन करतो. न सांगता झालं की त्याला वाटतं वर्षभर असंच आहे. बाकीच्या आठवड्यांत आठ ते दहा हा वेळ त्याचा. पेपरांचे गठ्ठे पलंगावर आणि जेवणाच्या टेबलावर नकोत. एक कोपरा ठरवा, ते तिथेच राहतील. यजमानांना तुमचा २४ तासांचा हिशेब एकदा कागदावर दाखवा. "तू सारखी फोनवर असतेस" यापलीकडचं बोलणं त्यातून सुरू होऊ शकेल.

सगळं एकदम करू नका. या आठवड्यात फक्त वही आणि संशोधकाला निरोप. पुढच्या आठवड्यात वर्गात घोषणा आणि दारावरचा कागद. त्या मुलीशी बोलणं त्यानंतर, म्हणजे तिला द्यायला मंगळवारची वेळ तुमच्याकडे खरंच असेल. सहाव्या आठवड्यात वही पुन्हा सात दिवस भरा आणि पहिले तीन प्रकार किती उरले ते मोजा. तुमचा संशोधक बुधवारी आला का, तेही आम्हाला कळवा.